सहाव्या मजल्यावरून मदन महाल

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन दिवस जबलपूरला राहिलो. पप्पा सिग्नल्समधले. त्यांचं रिक्रूट ट्रेनिंग तिथल्याच एक नंबर सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये झालं. त्यांच्या स्क्वॉडमधल्या अकरा जणांनी तीस वर्षांनी, बायका-पोरांसकट, पुन्हा जबलपूरला जमायचं ठरवलं होतं. पप्पांच्या मनात स्टेशनजवळचं एखादं लॉज होतं. पण ताई आता पुण्यात कमावते. तिने कुणालाही न विचारता रसेल चौकाजवळच्या एका नव्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या आणि पैसे भरल्यावरच सांगितलं. पप्पा दोन दिवस घुम्यासारखे होते. आई म्हणाली, "पोरीनं केलंय हौसेनं, गप बसा."

कल्याणहून इटारसीमार्गे गाडीने आम्ही सकाळी पोहोचलो. हॉटेलात शिरताच गार वारा आणि अत्तरासारखा वास आला. काळ्या ग्रॅनाइटची फरशी इतकी चकचकीत, की आईने चपला काढायला पाय उचलला होता. किल्ली नाही, कार्ड. ते भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. पडदा बटणावर सरकतो. पलंगावर सहा उशा. बाथरूम आणि खोली यांच्यामध्ये भिंतीच्या जागी नुसती काच, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल देव जाणे! आईने पहिलं काम केलं ते त्या काचेवर चादर लटकवण्याचं.

पप्पा नेहमीप्रमाणे पहाटे साडेचारला उठले. खोली साफ करायला मुलगा आला तेव्हा पलंग लागलेला होता, चादरीचे कोपरे बराकीत इन्स्पेक्शनला लागतात तसे, आणि सहाही उशा एकावर एक. तो मुलगा हसला आणि म्हणाला, "अंकल फौजी हैं ना? यहाँ बहुत आते हैं."

येणारच. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरातलं कुणी ना कुणी जबलपूरला राहून आलेलं असेल. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल सेंटर्स तिथे आहेत. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी आहे, आणि जिथून शक्तिमान ट्रक बाहेर पडले ती व्हेइकल फॅक्टरी आहे. जोंगा गाडीचं नावसुद्धा या शहराचं आहे, हे मला पप्पांनी तिथे सांगितलं. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' यातली अक्षरं घेऊन जोंगा. मी ते इतकी वर्षं जपानी नाव समजत होतो, कारण मूळ गाडी निसानची.

हॉटेलच्या लॉबीत एका भिंतीभर चित्र होतं. मोठं हरिण, आणि त्याच्या शिंगांचं झाड झालेलं. सगळं अंग बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेलं. खाली नाव नाही, गाव नाही. काउंटरवरच्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ट्रायबल आर्ट." आपल्या ड्रॉइंगच्या सरांनी गोंड चित्रांबद्दल सांगितलं होतं म्हणून मला थोडं माहीत होतं. या चित्रांना जगात नाव मिळवून दिलं ते पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांनी. ते परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत गोंड राजांच्या कथा गायच्या, हे त्यांचं पिढीजात काम. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी गढ्याच्या राजांची गाणी गायिली, त्यांच्याच हाताची ही कला, आणि ती आता सोफ्यामागे शोभेला लावलेली. हॉटेलने दोन हॉलना नावंही दिली होती, 'संग्राम' आणि 'दुर्गावती'. आम्ही गेलो त्या रात्री दुर्गावतीत कुणाचं तरी संगीत होतं आणि डीजे अकरापर्यंत चालू होता.

दुपारी जुन्या शहरात गेलो. हॉटेलपासून ई-रिक्षाने थोड्याच वेळात बडा फुहारा येतो आणि सगळं बदलतं. गल्ल्या, सराफी, भांडी, बांगड्या, मधेच एखादी गाय. पप्पांची चाल तिथे एकदम बदलली. ते पुढे आणि आम्ही मागे. "इथं रविवारी आऊटपासवर यायचो. तिघांत मिळून पावभर खव्याची जिलेबी. चौथ्याला पैसे नसले तर त्याला एक वेढा." ती जिलेबी आम्हीही खाल्ली. आपल्या जिलेबीसारखी पिवळी कुरकुरीत नव्हे; काळसर, जाड, मऊ, गुलाबजामाच्या घरातली. हॉटेलमधल्या एका चहाच्या पैशात आम्हा चौघांचं पोट भरलं. हा हिशेब पप्पांनी मोठ्याने केला आणि ताईने ऐकलं नाही असं दाखवलं.

तिथेच कमानिया गेट आहे. पप्पा त्याच्या खालून शेकडो वेळा गेले होते, पण ते कशाचं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी काँग्रेस भरली, तिची ती आठवण. सुभाषबाबू पट्टाभि सीतारामय्यांना हरवून दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते आणि तापाने इतके आजारी होते, की त्यांना स्ट्रेचरवरून अधिवेशनात आणावं लागलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. हे मी सांगत असताना पप्पा मान वर करून गेट बघत राहिले. मग म्हणाले, "रिक्रूटला कोण सांगतंय? त्याला वेळेत परत पोचायचं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांची मित्रमंडळी भेटली. त्यातलं फार लिहीत नाही. अकरा टक्कल पडलेले काका एकमेकांना शिव्या देत रडत होते.

संध्याकाळी मी आणि पप्पा मदन महाल बघायला गेलो. महाल नावावरून मी राजवाडा डोळ्यांसमोर आणला होता. प्रत्यक्षात टेकडीवर एक प्रचंड गोल खडक, त्याच्या डोक्यावर बसवलेली छोटीशी इमारत, आणि खाली तबेले वगैरे. राहण्यापेक्षा नजर ठेवण्याची जागा ती. वाटेवरच एका मोठ्या शिळेवर दुसरी शिळा नुसती टेकलेली आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरातली पुष्कळ घरं पडली, ती शिळा मात्र तशीच राहिली. वरून गढा दिसतो. आज तो शहराचा एक भाग आहे, पण एके काळी तीच गोंडांची राजधानी होती आणि जबलपूर बाजूचं गाव. संग्रामशहाचे बावन्न गड सांगतात. त्याची सून राणी दुर्गावती.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात मराठे अटकेपर्यंत जातात, पण जबलपूरला थांबत नाहीत. खरं तर गोंडांचं हे राज्य संपवलं ते मराठ्यांनीच. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते घेतलं, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेला हरवून जबलपूर घेतलं. छत्तीस वर्षं. मी शोधत होतो की तिथे आपलं काय राहिलं. लोकांच्या तोंडी नाव आहे ते दुर्गावतीचं. विद्यापीठ तिच्या नावाचं, संग्रहालय तिच्या नावाचं. जिंकलेल्यांचं नाव मला कुठे दिसलं नाही.

रात्री खोलीच्या मोठ्या काचेतून त्या टेकड्यांचा काळा आकार दिसत होता. तिथे आमचा वाद झाला. मी यंदा एनडीएची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे, त्यामुळे लढाई म्हटली की मी सेनापतीच्या जागी उभा राहतो. जून १५६४. अकबराचा सरदार आसफखान मोठी फौज घेऊन आला. दुर्गावतीकडे माणसं फार थोडी. तिने नरईची जागा निवडली, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गौर आणि नर्मदा. पहिल्या दिवशी तिने मोगलांना मागे रेटलं. संध्याकाळी ती सरदारांना म्हणाली, आज रात्रीच त्यांच्यावर पडू. सकाळपर्यंत थांबलो तर त्यांच्या तोफा येतील. सरदार तयार झाले नाहीत. सकाळी तोफा आल्या. हे तिच्या बाजूच्या कुणी नाही, अकबराच्या पदरच्या अबुल फजलने लिहून ठेवलंय.

मी म्हणालो, "राणीचं बरोबर होतं. सरदारांनी घात केला."

पप्पा खुर्चीत बसले नव्हते, खाली गालिच्यावर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "दिवसभर लढलेली माणसं होती ती. किती जखमी, किती उपाशी, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

"पण थांबले म्हणून हरले ना?"

"हरले. पण तू दिवसभर चालून, लढून, त्याच रात्री पुन्हा उठलायस का कधी? मी उठलोय. उठवणारा साहेब चांगला होता म्हणून उठलो. दुसरा असता तर नसतो उठलो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. चोवीस वर्षांच्या नोकरीबद्दल एवढी लांब वाक्यं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. कुठे, कोणत्या साली, कोणता साहेब, विचारावंसं वाटलं. पण ते उठून खाली गेले.

अर्ध्या तासाने मी शोधायला गेलो. लॉबीत नव्हते. बाहेर गेटवर, सिक्युरिटीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पेपरकपातून चहा पीत होते. गार्ड काका महार रेजिमेंटचे निवृत्त नाईक, मूळचे सागरकडचे. पलटणीत मराठी पोरांबरोबर राहून थोडी मराठी शिकलेले. मला बघून म्हणाले, "या, बसा." आमचा वाद पप्पांनी त्यांना आधीच सांगितला होता. काका हसले. "हम लोग तो बचपन से सुनते आए हैं. सरदार डरे नहीं थे बेटा. उनको लगा, रात को हमला धरम नहीं है. कोई कहता है थके थे. पर रानी फिर भी सुबह सबसे आगे हाथी पर थी. उनको छोड़ के नहीं गई." तेवढ्यात एक लांब गाडी आली. काका उठले, टोपी नीट केली, कडक सलाम ठोकला आणि दार उघडलं. गाडीतून उतरलेल्या माणसाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. काका परत येऊन बसले आणि पप्पांनी त्यांचा उरलेला चहा त्यांच्या हातात दिला.

शेवटच्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळी होती. ताईला वाटत होतं, सगळे भेडाघाटला जातील. पप्पांनी बरेलाकडची रिक्षा ठरवली. मंडला रस्त्यावर नरई नाल्याजवळ दुर्गावतीची समाधी आहे. त्या सकाळी तिचा मुलगा वीरनारायण जखमी झाला, त्याला मागे पाठवलं. नंतर तिला दोन बाण लागले. माहूत तिला दूर नेऊ म्हणाला, तिने ऐकलं नाही आणि स्वतःच्या हाताने कट्यार मारून घेतली. २४ जूनला तिथे दरवर्षी लोक जमतात. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन जबलपूरला होता. त्याने १८४४ साली छापलेल्या पुस्तकात नोंदवलंय, की इथून जाणारा प्रत्येक वाटसरू आसपास सापडणाऱ्या स्फटिकांपैकी सुंदरसा एक समाधीवर ठेवतो.

मी ते पप्पांना सांगितलं. ते रस्त्याकडेला वाकून बराच वेळ दगड शोधत राहिले. दोन आणले, एक माझ्या हातात दिला. मग डोंगराकडे आणि नाल्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तोफा कुठल्या बाजूनं आल्या असतील रे?"

आम्ही दोघंही तिथे उभं राहून ते शोधत होतो. आई रिक्षातून हाक मारत होती.