यंत्राची रोजनिशी

यंत्र आणि मुकें जनावर यांस एका पंक्तीस बसविण्याची आपणांस संवय आहे. दुखणें कोठें आहे तें दोघांसही सांगतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. जनावराविषयीं तें खरें असेल. यंत्राविषयीं मात्र आम्हांस तसें वाटत नाहीं. यंत्र सांगत असतें. आपणच भलत्या दाराशीं कान देऊन उभे असतों.

भाईंदर पूर्वेस खारी येथें राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. त्याचे वडील स्टीलच्या भांड्यांस पॉलिश करण्याचें काम नगावर करतात. रोजचे नग लिहून ठेवून आठवड्याची बेरीज करणारें एक लहानसें मोबाइल ॲप या मुलानें वडिलांसाठीं तयार केलें. एका शनिवारीं ॲपनें बेरीज दाखविली ९८४. वडिलांच्या हिशेबानें ती १,१२८ व्हावयास हवी होती. ते बराच वेळ विचार करीत बसले व शेवटीं म्हणाले, “माझीच मोजणी चुकली असेल. यंत्राला खोटें बोलून काय मिळायचें आहे?” आणि कमी नगांचीच मजुरी मागण्याचें त्यांनीं ठरविलें.

मुलानें हें आम्हांस सांगितलें तेव्हां त्याचा कंठ दाटून आला होता. सगळें ॲप पुसून टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. तो म्हणाला, “सर, प्रत्येक आंकडा लिहून दाखव, अशी ओळ प्रोग्राममध्यें घातली आहे, पण कांहींच दिसत नाहीं.”

आम्हीं विचारलें, “कोठें दिसत नाहीं?”

“फोनवर.”

फोनवर तें दिसावयाचेंच नव्हतें. फोनचा पडदा ॲप वापरणाऱ्यासाठीं असतो. करणाऱ्यासाठीं लिहिलेला मजकूर निराळ्या जागीं जातो. अँड्रॉइड स्टुडिओ या साधनाची पहिली पक्की आवृत्ति डिसेंबर २०१४ मध्यें निघाली. त्यांत लॉगकॅट नांवाची एक खिडकी आहे, तीच ही जागा. आम्हीं ती उघडावयास सांगितली, तों तीही रिकामी! मग वरची फिल्टरची चौकट पाहिली. पूर्वीं केव्हां तरी त्यानें तेथें ‘फक्त एरर’ अशी अट घातली होती व ती तशीच राहिली होती. लॉगकॅटमध्यें निरोपांच्या पायऱ्या असतात : वर्बोस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, असर्ट. मुलाची ओळ डीबग या पायरीची. ती एररच्या गाळणींतून कशी यावी? अट काढतांच ओळींचा लोंढा आला, कारण सबंध फोनचीं बोलणीं तेथें उमटतात. तेव्हां वर जोडलेला फोन बरोबर निवडला आहे ना, हें पाहून आपल्याच ॲपचे निरोप तेवढे राहूं दिले.

लॉग हा शब्द जहाजावरचा. जहाजाचा वेग मोजण्यासाठीं गांठी मारलेल्या दोरीस लांकडाचा तुकडा बांधून पाण्यांत टाकीत. तो तुकडा म्हणजे लॉग. त्याची नोंद ज्या वहींत होई, तिलाही तेंच नांव मिळालें. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या गणकयंत्रांत एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो पतंगच चिकटपट्टीनें नोंदवहींत डकविला. ती वही आज वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. यंत्रांतील दोषास बग म्हणण्याचा प्रघात त्याहून जुना. एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत तो शब्द वापरला होता. पतंग पाहणारे अनेक असतील. ज्यांनीं तो वहींत लावला, त्यांचें काम राहिलें.

आमच्या विद्यार्थ्याच्या वहींत आतां सहा दिवसांचे सहा आंकडे उमटले, आणि सहाही बरोबर दिसत होते! आम्हीं सुचविलें कीं प्रत्येक आंकडा चौकटी कंसांत छापावा. तसें करतांच पतंग सांपडला. बाकीचे आंकडे [१९२], [१८०] असे होते. एक मात्र [१४४ ] असा आला. टंकितांना शेवटीं एक रिकामी जागा पडली होती. त्यामुळें ती संख्या म्हणून वाचली गेली नाहीं, आणि प्रोग्रामनें गुपचूप तिच्या जागीं शून्य धरलें. एका दिवसाची मेहनत एका न दिसणाऱ्या अक्षरानें गिळली होती.

मुलानें कडेच्या रिकाम्या जागा काढून टाकणारी आज्ञा घातली. शिवाय आंकडा न वाचतां आल्यास शून्य न धरतां ॲपनें तसें स्पष्ट सांगावें, अशीही व्यवस्था केली. बेरीज १,१२८ आली. सोमवारीं वडिलांनीं सहा दिवसांची यादी दाखवून तितक्याच नगांची मजुरी मागितली, व ती त्यांस मिळाली.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र गप्प दिसल्यास तें कोठें लिहितें, हें आधीं शोधा. मग पुसून टाकण्याचा विचार करा. आणि पालकहो, पडद्यावरचा आंकडा व आपल्या हातांची आठवण यांत अंतर पडलें, तर आपल्याच हातांवर एकदम अविश्वास दाखवूं नका. नोंद मागा.