दीड फुटाचा घाट

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गेटमध्येच एक घाट लागतो. उंची दीड फूट, लांबी फक्त साडेचार फूट! २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यानंतर सोसायटीने भर घालून आख्खं आवारच उचललं. आम्ही राहायला आलो नंतर. त्यामुळे पाण्याचं श्रेय जुन्या मंडळींना, आणि 'खर्रर्र' आवाज आमच्या वाट्याला.

वॉचमनकाका रोज सांगायचे, "साहेब, जोरात घ्या, निघून जाईल." जोरात घेतली की चाक आपटतं, स्प्रिंग दबते, गाडी अजून खाली बसते. असो. काकांचा जीव चांगला आहे.

गंमत म्हणजे गाडी अडते ती उंचीमुळे नाहीच. पुढची चाकं सपाटीवर, मागची अजून रस्त्यावर, आणि चढाचा माथा बरोबर मधोमध पोटाखाली... तिथे घासते. माझ्या सेडानचा व्हीलबेस २६०० मि.मी., ग्राउंड क्लिअरन्स १६५. आमचा चढ एकास तीन, म्हणजे साधारण १८ अंश. मोटा हिशोब केला (हो, हापिसात, बिल्ड चालू असताना) तर पोटाखाली २१० मि.मी. हवेत. तिरकी, ४५ अंशांत घेतली की तोच चढ लांब होतो आणि १५० मध्ये भागतं. म्हणजे एकटा असताना, अर्ध्या क्लचवर, मुंगीच्या पावलांनी जमतं.

पण क्लिअरन्सचा तो आकडा रिकाम्या गाडीचा! चार माणसं बसली की तीसेक मि.मी. गेलेच. मग गेटवर "उतरा सगळे". आईला काही वाटायचं नाही, भाजीची पिशवी घेऊन निघायची. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळंच बदललं. डॉक्टरांनी चढ-उतार जपून म्हणून बजावलेलं, आणि वॉकर घेऊन १८ अंशांचा चढ चढायचा, तोही पावसात! पहिल्या फॉलोअपला मी आणि काकांनी दोन्हीकडून धरून त्यांना वर आणलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. नंतरच्या फॉलोअपला म्हणाले, "राहू दे रे, फोनवर विचार डॉक्टरांना."

कमिटीच्या मीटिंगला कागद घेऊन गेलो. एकजण म्हणाले, बाहेर फुटपाथवर सिमेंटची उतरण करून टाका, सगळेच करतात. करतात खरं, आणि म्हणूनच पुण्यात फुटपाथवरून चालणारा माणूस शेवटी रस्त्यावर येतो. बाबांनाही तिथूनच चालायचं होतं ना! मी म्हटलं, उंची तीच ठेवा, पाणी अडू द्या. चढ आत वाढवून नऊ फूट करा. एकास सहा झाला की ११० मि.मी. पुरतात, आख्खं कुटुंब बसवून सरळ जाता येईल. अडचण एकच, दोन बाइकच्या जागा जाणार होत्या. त्यातली एक माझी होती, ती आधीच सोडली. दुसरीवरून पाऊण तास वाद झाला, चहा दोनदा आला.

गेल्या रविवारी काँक्रीट पडलं. सात दिवस पाणी मारायचंय, तोवर गाड्या बाहेर. सकाळी पाइप धरायला बाबा स्वतः खाली येतात, एका हातात वॉकर, आणि कुणी कडेवर पाय ठेवला की ओरडतात.