काळी चारची बैलगाडी

युफोनियम हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल, पण वाद्य नक्की ऐकलंय. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाले पुढे उभे राहून गाण्याचा मुखडा वाजवतात. त्यांच्या मागे कुणीतरी एक पितळी वाद्य लहान मुलासारखं पोटाशी धरून तीच चाल एक सप्तक खाली वाजवत असतो. मोबाईलवरच्या व्हिडिओत तो ऐकूच येत नाही. पण तो दम घ्यायला थांबला की अख्खं गाणं पत्र्याचं वाटायला लागतं. त्याच्या हातात असतं ते युफोनियम. मी ते वाजवते, आणि शिकले पाचगणीत.

पाचगणी आणि संगीत म्हटलं की पर्यटकांना एकच माणूस आठवतो. फ्रेडी मर्क्युरी इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, १९५८ मध्ये मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून त्यात पियानो वाजवायचा, हे खरंच आहे. पण इथल्या बोर्डिंग शाळांना दुसराही एक बँड लागतो, पंधरा ऑगस्टला संचलनापुढे चालणारा. मी डे-स्कॉलर, वडिलांची स्ट्रॉबेरीची शेती. आमच्या शाळेतले बँडचे सर सातारा जिल्ह्यातले निवृत्त फौजी. मध्य प्रदेशात पचमढीला लष्कराचं संगीत शिकवणारं केंद्र आहे, तिथे ते तयार झाले. पाचगणी आणि पचमढी या दोन नावांत माझी आजी शेवटपर्यंत गोंधळली. तिच्या मते सर कधी कुठे गेलेच नव्हते. आठवीत मला युफोनियम मिळालं, कारण बाकीची वाद्यं वाटून झाली होती.

या वाद्यावर उंच स्वर वाजवणं म्हणजे काय, ते सांगायला थोडं गणित लागतं. युफोनियमची नळी सरळ केली तर साधारण नऊ फूट भरते, ट्रम्पेटची त्याच्या निम्मी. वॉल्व्ह न दाबता, नुसत्या ओठांनी स्वर चढवत गेलं की ठरलेल्या क्रमाने पायऱ्या मिळतात: सा, वरचा सा, प, त्याच्याही वरचा सा, ग, प, मग कोमल नीसारखा एक, आणि आठवा पुन्हा सा. खालच्या दोन पायऱ्यांमध्ये अख्खं सप्तक मावतं. वर मात्र पायऱ्या एकमेकींना खेटून असतात. जो स्वर ट्रम्पेटच्या शिडीवर चौथा, तोच आमच्या शिडीवर आठवा. तो वाजवताना ओठ केसभर हलला तरी तुम्ही शेजारच्या स्वरावर असता, आणि समोरच्यांना ते लगेच कळतं.

त्यात पाचगणी १३०० मीटरवर. जुलैच्या धुक्यात वाद्य गारठलेलं असतं आणि गार हवेत पितळी वाद्य उतरतं. अंशामागे साधारण तीन सेंट; शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर. उलट मे महिन्यात पसरणी घाट उतरून वाईच्या लग्नात वाजवायला गेलं की तेच वाद्य चढायचं, आणि सर काही न बोलता ट्यूनिंग स्लाइड पेरभर बाहेर ओढायचे. हो, सर सीझनला लग्नंही वाजवायचे. पाठवणीच्या वेळी बँडमालक ट्रम्पेटला गप्प करून त्यांना पुढे बोलवायचा. युफोनियमवर वरच्या पट्टीत वाजवलेलं पाठवणीचं गाणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना पुढचं सगळं सांगायची गरज नाही. ट्रम्पेटला तो स्वर सहज येतो, म्हणून त्यात काही घडत नाही. युफोनियमला तो ओढून आणावा लागतो, आणि ती ओढ ऐकू येते.

अकरावीच्या सुट्टीत यूट्यूबवर मला ‘बिद्लो’ सापडलं. पोलिश भाषेत याचा अर्थ गुरंढोरं. मुसॉर्गस्कीने १८७४ मध्ये ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ पियानोसाठी लिहिलं, त्यात ही एक बैलगाडी आहे, मोठ्या जड चाकांची. १९२२ मध्ये रावेलने ते ऑर्केस्ट्रासाठी मांडलं तेव्हा गाडीची चाल दिली ट्यूबाला. ट्यूबा म्हणजे ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात खालचं पितळ, आणि चाल मात्र त्याच्या डोक्यावरून जाणारी. म्हणून कित्येक ठिकाणी हा सोलो युफोनियमवर वाजवतात. मूळ पियानोत गाडी सुरुवातीपासूनच दणदणत येते. रावेलपुढे रिम्स्की-कोर्साकोव्हने सुधारलेली प्रत होती, तिच्यात ती लांबून हळूहळू येते आणि तशीच लांब निघून जाते. मला हे दुसरं आवडतं. लहानपणापासून शेताच्या बांधावरून गाड्या अशाच येताजाताना पाहिल्यात.

सोलोचं पान डाउनलोड केलं आणि घाबरले. बास क्लेफ, पाच शार्प, आणि सगळ्यात उंच स्वर पाच रेघांच्या वर तिसऱ्या जादा रेघेवर. सरांनी पान हातात घेतलं, पेटीवर एक सूर दाबला आणि म्हणाले, ‘‘काळी चारच हाय की गं ही. बायकांची पट्टी.’’ खरंच होतं. आमच्याकडे गाणाऱ्या बायका ज्या काळी चारला सा धरतात, त्याच पट्टीत ही रशियन बैलगाडी चालते, आणि शिखरावर लागतो तो तार सा.

मग त्यांनी वहीत ते पान पुन्हा लिहून काढलं, ट्रेबल क्लेफमध्ये, पाच शार्पचे पाच फ्लॅट करून. हा काय प्रकार, ते बँडबाहेरच्यांना पटवणं अवघड जातं. क्लेफ ही खूण कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगते. खालच्या आवाजाच्या वाद्यांना साधारण बास क्लेफ देतात. पण इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गिरण्या आणि खाणींमधल्या कामगारांचे जे ब्रास बँड उभे राहिले, त्यांनी कॉर्नेटपासून थेट सगळ्यात मोठ्या बासपर्यंत जवळजवळ सगळ्यांना ट्रेबलच दिली (फक्त बास ट्रॉम्बोन सुटला). वॉल्व्ह न दाबता निघणारा ‘सा’ प्रत्येकाने कागदावर ‘सी’ म्हणूनच वाचायचा, मग तो प्रत्यक्षात कुठेही वाजो. सा गळ्याप्रमाणे सरकतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे मला ही पद्धत परकी वाटलीच नाही. पुढे पुण्यात एका ट्रॉम्बोनवाल्या मित्राला टेनर क्लेफशी झगडताना पाहिलं. ट्रॉम्बोनची चाल उंच गेली की जादा रेघा वाचवायला ही क्लेफ वापरतात. मी त्याच्या पानाकडे पाहिलं तर सगळे स्वर सरांच्या वहीत जिथे असायचे तिथेच बसलेले! टेनर क्लेफ आणि बँडची ट्रेबल यांत रेघा त्याच, फक्त दोन फ्लॅट काढून टाकायचे. तो तीन महिने जे शिकत होता ते मला न शिकता येत होतं. त्याला हे सांगितल्यावर तो दोन दिवस बोलला नाही.

तर तो तार सा. युफोनियमच्या शिडीवर तो बरोबर सातव्या पायरीशी पडतो, म्हणजे त्या कोमल नीसारख्या स्वराशी. वॉल्व्ह न दाबता तो निघतो, सोपा जातो, आणि कोमल नीपेक्षाही चांगला उतरलेला असतो. सुरात हवा तर आठव्या पायरीवर चढायचं आणि पहिला वॉल्व्ह दाबून एक स्वर खाली यायचं. म्हणजे आधी त्याच्या डोक्यावर जायचं, मग त्याच्यावर उतरायचं. सरांनी त्या मापावर पेन्सिलने लिहिलं: ‘घाट’. आणि एकच सूचना, पन्नास वेळा: ‘‘माउथपीस दाबू नको. दाबून वर जाता येतं, पण चार दिवस.’’

ही सूचना कुठून आली ते मला नंतर कळलं. वरच्या स्वरांना ओठ लागतात, आणि ओठांना मागून दात लागतात. मी पुण्यात दुसऱ्या वर्षाला असताना सरांचे वरचे पुढचे दात गेले, कवळी आली. खालचे स्वर पहिल्यासारखेच राहिले. मधले थोडे फुटायला लागले. पाचव्या-सहाव्या पायरीच्या वर काही उरलं नाही, नुसती हवा. फोनवर त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला काय बोलावं कळेना. ‘‘पाठवणी आता पोरं वाजवत्यात,’’ म्हणाले. ‘‘ट्रम्पेटवर.’’

त्या दिवाळीत घरी आले तेव्हा शाळेच्या बँडच्या खोलीत सर ई-फ्लॅट बास मांडीवर घेऊन बसलेले. जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येणारं धूड. मोठा माउथपीस, सैल ओठ, कवळीला झेपणारं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी वाद्य बदललं होतं आणि वाचायला नवं काही शिकावं लागलं नव्हतं, कारण बासचा कागदही ट्रेबलमध्येच आणि बोटंही तीच. लग्नाच्या सीझनला ते हेच घेऊन जाणार होते, मागच्या रांगेत.

‘‘बिद्लो आणलीस का?’’ त्यांनी विचारलं. वही माझ्याकडेच होती. ऑर्केस्ट्रात गाडीच्या चालीखाली चेलो, डबल बास वगैरे सारखे तेच ते ठोके देत राहतात, चाकं चिखलातून ओढावी तसे. ते सगळं सरांनी एका पानावर स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. बाहेर धुकं, वाद्य गार, आम्ही दोघांनी आधी दहा मिनिटं नुसते लांब स्वर फुंकले. मग त्यांनी ठोके सुरू केले, अगदी हळू, आणि मला मान हलवून आत घेतलं. घाटाच्या मापाशी मी वर चढले, पहिला वॉल्व्ह दाबला, आणि तेवढ्या वेळात त्यांचा ठोका जराही मागेपुढे झाला नाही. संपल्यावर मी त्यांच्या पानाकडे पाहिलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वर एकही जादा रेघ नव्हती.