बेरूफचा रकाना

नोकरी गेली त्या आठवड्यात एक फॉर्म भरायचा होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, इथपर्यंत हात सरळ चालला. पुढच्या रकान्यात छापलं होतं 'बेरूफ'. जर्मन भाषेत बेरूफ म्हणजे व्यवसाय. मी 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. नोकरी नसलेला इंजिनिअर इंजिनिअर असतो का?

घरी सांगलीला काहीच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ऑफिसला निघाल्यासारखा निघायचो आणि इथे लाइपझिगच्या वाचनालयात जाऊन बसायचो. दुपारी आईचा फोन आला की बाहेर येऊन सांगायचो, "काम फार आहे गं."

जर्मनच्या क्लासमध्ये कधीतरी ऐकलं होतं, की बेरूफमध्ये 'रूफेन' आहे. रूफेन म्हणजे हाक मारणं. मग ही हाक कुणाची? वेळ भरपूर होता. शोधत शोधत मार्टिन ल्यूथरपाशी पोचलो.

१५२१च्या हिवाळ्यात ल्यूथर आयझेनाखजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपून राहत होता. तिथे त्याने सुमारे अकरा आठवड्यांत बायबलचा नवा करार ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला. १५२२च्या सप्टेंबरमध्ये तो छापून आला आणि १५३४मध्ये संपूर्ण बायबल. तोपर्यंत देवाची हाक येते ती मठात जाणाऱ्यांना, असा समज होता. बाकीच्यांचं काम म्हणजे पोटापाण्याची सोय. सिराख नावाच्या जुन्या ग्रंथात आपल्या कामाला धरून राहा, अशा अर्थाचा उपदेश आहे. तिथे ल्यूथरने 'बेरूफ' हा शब्द वापरला. हाकेचा शब्द रोजच्या कामाला चिकटला. पुढे मॅक्स वेबरने दाखवून दिलं, की हा अर्थ मूळ मजकुराचा कमी आणि भाषांतरकाराचा जास्त आहे.

पण ल्यूथरच्या पंथाची एक मोठी शिकवण याच शब्दात मावते. शेतकरी, मोलकरीण, अगदी बाळाचे लंगोट धुणारा बाप (हे उदाहरण ल्यूथरचंच), सगळे आपापल्या जागी देवाचंच काम करतात. आपल्याला हे परकं वाटायला नको. सावता माळ्याला विठ्ठल मळ्यातच भेटला होता.

हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच खचलो. काम ही जर देवाची हाक असेल, तर काम गेलेल्या माणसाने काय समजायचं?

मग त्याच भाषांतरातला दुसरा शब्द सापडला, 'अलाइन'. म्हणजे फक्त, केवळ. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. ल्यूथरने त्यात 'केवळ विश्वासाने' केलं. ग्रीकमध्ये 'केवळ' नाही. त्यावरून गदारोळ झाला. १५३०मध्ये त्याने पत्र लिहून उत्तर दिलं: एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही, असं सांगताना जर्मन माणूस हा शब्द लावतोच. भाषा शिकायची तर घरातल्या बाईला, रस्त्यावरच्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारा. ॲपमधल्या इंग्रजी सूचना मराठीत आणताना मीही असे शब्द पदरचे घातलेत, त्यामुळे त्याची बाजू मला पटकन कळली. फरक इतकाच, की माझ्या शब्दावरून चर्च दुभंगलं नाही. याकोबाच्या पत्रात तर केवळ विश्वासाने नाही, असं स्पष्ट म्हटलंय. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा १९९९ साल उजाडलं होतं. जर्मनीतल्या ल्यूथर बायबलच्या २०१७च्या आवृत्तीतही 'अलाइन' आहे. कॅथलिकांच्या जर्मन बायबलमध्ये त्या जागी तो नाही.

मी ख्रिश्चन नाही. कोण कशाने तरतो, यावर माझं काही म्हणणं नाही. पण एका रविवारी वार्टबुर्गला जाऊन आलो. ल्यूथरची खोली लहानशी आहे. लाकडी भिंती, टेबल, आणि टेबलाशी देवमाशाचा एक मणका. तिथे उभा असताना वाटलं, हे दोन शब्द एकाच माणसाच्या हातचे आहेत आणि ते एकत्रच वाचायचे असणार. आधी अलाइन: तुझी किंमत तुझ्या कामावर ठरत नाही. मग बेरूफ: ती चिंता मिटली, आता शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल असं काम मोकळ्या मनाने कर. पुढच्या पाचशे वर्षांत बेरूफ ऑफिसात पोचला, फॉर्मवर छापला गेला. अलाइन चर्चमध्येच राहिला. आम्ही 'पॅशन' म्हणत कामालाच देव केलं आणि काम गेलं की आपणही गेलो, असं समजू लागलो.

परतीच्या गाडीतून आईला फोन केला. सगळं सांगितलं.

"कधीपासून?"

"सहा आठवडे झाले."

ती थोडा वेळ गप्प होती. "मग रोज दुपारी बोलत कुठून होतास?"

"वाचनालयातून."

"तिथे आत गरम असतं ना रे?"

"असतं."

"मग बरं," ती म्हणाली.