मागावरची शेवंती

मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील हातकणंगले स्टेशनात उतरले की इचलकरंजी फार लांब नाही. उसाची शिवारे मागे पडतात आणि गल्ल्यागल्ल्यांतून मागांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. पंचगंगेकाठच्या या गावाची २०२२ साली महानगरपालिका झाली. माणसे येथे कापड पाहायला येतात. वाचकहो, आपण या खेपेस मागाखाली पडणारा टाकाऊ माल पाहू.

जुन्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो, आडवा धागा न तुटता वळून येतो आणि काठ आपोआप बंद होतो. रेपिअर किंवा एअरजेट हे बिनधोट्याचे माग. त्यांच्यावर प्रत्येक आडवा धागा तुटतो, त्याची टोके कडेला लोंबतात आणि माग ती कडा कापून टाकतो. अशी चार-सहा उभ्या धाग्यांनी धरलेली लांबच लांब झालर तयार होते. कारखानदाराच्या लेखी ती चिंधी. पण ती बोटाभोवती गुंडाळून पाहा, हातात शेवंती उमलते!

वीतभर झालर घ्यावी. प्रत्येक वेढ्याला बुडाशी सुईचा एक टाका घालावा. शेवटी बुडाला हिरव्या कापडाची चकती शिवावी. मागे चाप लावला की वेणीचे फूल झाले. शिंप्याकडचे कातरण मिळाले तर गोल कापून, कडेने धावदोरा घालून ओढावे. मोगऱ्यासारखी कळी होते.

झालर सुती आहे की पॉलिस्टर, हे आधी ओळखावे. एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो व राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. घरी रंगवायला सूतच घ्या. कोऱ्या सुतावर मेणासारखा अंश असतो, म्हणून धुण्याच्या सोड्यात उकळल्याशिवाय रंग नीट चढत नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो. त्यापेक्षा बाजारात न खपलेला झेंडू वाळवून उकळावा आणि सुताला आधी तुरटीचे पाणी द्यावे. हा पिवळा बराच टिकतो. भाव पडला की झेंडू बांधावर फेकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आषाढात या भागात बेंदूर येतो. बैलाच्या शिंगांना अशी फुले शोभतात, यात शंका नाही. परंतु त्यांत तार किंवा टाचणी मुळीच नको. फूल फक्त दोऱ्याने बांधावे. जनावर चघळता चघळता लोखंड गिळते. ते जाळीपोटात अडकते आणि पुढे टोचत टोचत हृदयापर्यंत जाते. बैल खाणे सोडतो, कण्हतो आणि पुष्कळदा हातचा जातो. मिरवणूक संपताच फुले मोजून सोडावीत. जितकी बांधली तितकी परत आली पाहिजेत. नुसते कापड पोटात गेले तरी त्याचा गोळा होतो.

आता पैशाचे. भगिनींनो, घड्याळ लावून तासाभरात किती फुले होतात ते मोजा. दोरा, चाप, रंग यांचा खर्च वजा करा आणि उरलेली रक्कम भांगलणीच्या तासाच्या मजुरीशी ताडून पाहा. कमी पडत असेल तर घरच्या लेकीसुनांपुरतीच करा. त्यातही चापाचे पैसे वाचतात. कोणी ‘आधी अनामत भरा, मग तुमची सगळी फुले आम्ही घेऊ’ म्हणाला, तर त्याला दारातूनच रामराम करावा. खरा गिऱ्हाईक आधी माल पाहतो.

झालर घेताना पोते उघडून बघा. तेलकट धागे वर दिसत नाहीत, तळाशी असतात. तेवढे वेगळे काढून सोडा-साबणाच्या गरम पाण्यात धुवावेत, नाहीतर झेंडूच्या पिवळ्यावर काळे डाग उठतात.