कृतज्ञता, वीस टक्के

माझी ताई बर्मिंगहॅममधल्या एका सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. ड्युटीवर तिच्या हातात एकच दागिना चालतो, बिनखड्याची साधी अंगठी. घड्याळ नाही, बांगडी नाही. ‘बेअर बिलो द एल्बोज’, म्हणजे कोपराखाली हात मोकळे, हा नियम इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, 2008 पासून आहे. खड्यांच्या खाचेत आणि पट्ट्याखाली जंतू राहतात, हात मनगटापर्यंत नीट धुता येत नाहीत, म्हणून. नियम शहाणपणाचाच आहे. गंमत एवढीच, की इथल्या कितीतरी दागिन्यांच्या दुकानांत खास सूट असते ती नेमकी ताईसारख्यांना, ज्यांना बारा बारा तास दागिना घालताच येत नाही.

या सुटीला इथे ‘एनएचएस डिस्काउंट’ किंवा ‘की वर्कर डिस्काउंट’ म्हणतात. दहा टक्के, पंधरा, कधी वीस. ती देणारी कार्डंही आहेत. त्यातलं सगळ्यात माहितीतलं ब्लू लाइट कार्ड 2008 पासूनचं. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, एनएचएस, सैन्य अशा लोकांसाठी. पिझ्झ्यापासून हिऱ्याच्या अंगठीपर्यंत सगळीकडे सूट. हे सरकारी कार्ड आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं, पण ती एक खासगी कंपनी आहे.

‘की वर्कर’ या शब्दाचा प्रवास बघण्यासारखा आहे. 2004 मध्ये ब्रिटिश सरकारने ‘की वर्कर लिव्हिंग’ नावाची योजना आणली. लंडन आणि आसपासच्या भागात नर्स, शिक्षक, पोलीस यांना घर परवडेना, म्हणून घरखरेदीला मदत. तेव्हा या शब्दामागे घर होतं. मग 2020 चा मार्च आला. शाळा बंद झाल्या, पण ज्यांच्यावाचून देश चालणार नाही अशांच्या मुलांसाठी त्या उघड्या ठेवायच्या होत्या. त्यासाठी सरकारने यादी काढली. त्यात डॉक्टर-नर्सबरोबर बसचालक होते, पोस्टमन होते, सुपरमार्केटमधले कामगारही होते. आता हा शब्द मला मुख्यतः दिसतो तो ऑनलाइन दुकानाच्या तळाशी, ‘रिटर्न पॉलिसी’च्या शेजारी. आणि दुकानांच्या बहुतेक याद्यांत बसचालक आणि सुपरमार्केटवाले नसतात. त्या साथीत लंडनचे डझनावारी बसचालक गेले.

ताई इथे आली 2019 च्या नोव्हेंबरात. चार महिन्यांत कोविड. दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. 26 मार्चला सुरू झालं, दहा आठवडे चाललं. त्याच्या चारच दिवस आधी, 22 मार्चला संध्याकाळी पाचला, आपल्याकडे थाळ्या वाजल्या होत्या. आमच्या घरात दोन्ही आवाज पोचले, कारण बार्शीजवळच्या आमच्या गावात आई अंगणवाडी सेविका आहे. दारोदार जाऊन कुणाला ताप आहे का विचारणाऱ्यांमध्ये तीही होती. तिला जे पैसे मिळतात त्याला सरकारी कागदावर पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्दात मान आहे आणि धनही आहे. आईच्या वाट्याला दोन्ही बेतानेच आलं.

इथे टाळ्या थांबून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा 2021 च्या मार्चमध्ये सरकारने एनएचएसच्या कर्मचाऱ्यांना एक टक्का पगारवाढ सुचवली. ओरड झाल्यावर ती तीन टक्के झाली. म्हणजे अंगठीवर वीस टक्के आणि पगारावर एक. हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याला कारण माझी नोकरी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमची टीम ऑनलाइन दुकानांच्या चेकआउटचं काम करते. तुम्ही प्रोमो कोड टाकता आणि किंमत कमी होते, तो भाग. त्यामुळे सूट आतून कशी दिसते ते मला रोज दिसतं. डेटाबेसमध्ये एक टेबल असतं. एका ओळीत ‘विद्यार्थी’, दुसऱ्या ओळीत ‘पहिली खरेदी’, तिसऱ्या ओळीत ‘वाढदिवस’, चौथ्या ओळीत ‘की वर्कर’. प्रत्येक ओळीपुढे टक्के, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख, आणि एक खूण: दुसऱ्या सुटीबरोबर चालेल की नाही. बहुतेक वेळा चालत नाही. कृतज्ञतेची ओळ आणि वाढदिवसाची ओळ यांत कोडच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

सूट देण्यामागचा विचारही साधा आहे. सगळ्यांना एकच किंमत लावली तर काही लोक परवडत नाही म्हणून निघून जातात. त्यांच्यातल्या नेमक्या गटाला वेगळी किंमत दाखवता आली तर विक्री वाढते आणि बाकीच्यांकडून पूर्ण पैसे घेता येतात. नर्स हा त्यासाठी आदर्श गट. पगार फार नाही पण दरमहा नक्की. ओळख पटवणं सोपं, कारण ऑफिसचा ईमेल असतो. शिवाय दुकानाच्या नावाशी एक चांगली गोष्ट जोडली जाते. यात फसवणूक नाही. पण याला आभार म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

ताईला हे सगळं मी ट्रेनमध्ये ऐकवलं. नोव्हेंबरात तिला इथे सहा वर्षं झाली म्हणून आम्ही बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये निघालो होतो. दोनशे वर्षांहून जास्त काळ दागिने घडवणारा हा भाग. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर अजून कारागीर बसतात. इथल्या हॉलमार्क ऑफिसची स्थापना 1773 ची. त्याचं चिन्ह नांगर, समुद्र जवळपास कुठेही नसताना. ब्रिटनमध्ये एक ग्रॅमहून जड सोन्याची वस्तू सोनं म्हणून विकायची तर तिच्यावर हॉलमार्क लागतोच.

ताई म्हणाली, “तुझं झालं असेल तर एक विचारू? सूट मिळतेय तर घेऊ नको का?”

“घे. पण कशावर मिळतेय ते बघून घे.”

आणि मी फोनवर एक्सेल उघडलं. तिला आवडलेली अंगठी तिने आधीच वेबसाइटवर हेरून ठेवली होती. 9 कॅरट, 3 ग्रॅम, मधोमध लहानसा नीलम, किंमत 480 पौंड. 9 कॅरट म्हणजे हजारात 375 भाग सोनं. 3 ग्रॅममध्ये शुद्ध सोनं सव्वा ग्रॅमही नाही. त्या दिवसांत शुद्ध सोनं ग्रॅमला शंभर पौंडांच्या आसपास होतं, हिशेबाला शंभरच धरू. म्हणजे सोनं 112 पौंडांचं. किमतीत 20 टक्के व्हॅट आधीच धरलेला, तो 80. उरले 288 पौंड. ते नीलम, घडवणारा, दुकानाचं भाडं, जाहिरात, डबी आणि नफा यांचे. वीस टक्के सूट म्हणजे 96 पौंड. सूट देऊनही दुकानदाराकडे सोनं आणि व्हॅट वगळून दोनशेवर पौंड राहतात.

आता हाच हिशेब पाटल्यांचा. बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवर आपल्यासारख्यांची सराफी दुकानं आहेत, तिथे 22 कॅरटचा माल वजनावर मिळतो. 20 ग्रॅमची जोडी घेतली तर सोनंच 1,832 पौंडांचं. घडणावळ दहा टक्के धरली तर 183. वर व्हॅट. एकूण 2,418 पौंड. यावर कुणी वीस टक्के सूट दिली तर व्हॅट भरून त्याच्या हातात 1,612 उरतील, म्हणजे सोन्याच्या भावाहूनही 220 कमी. म्हणून सराफाकडे अशी पाटी दिसली नाही. जिथे सोनं खरोखर तोलून मिळतं तिथे आभाराला जागाच नसते. घडणावळीत थोडं इकडेतिकडे, बास.

“आणि अंगठी मोडायला गेलीस तर शंभर पौंडही हातात पडणार नाहीत,” मी म्हणालो.

ताई खिडकीबाहेर बघत होती. “मोडायला कशाला जाऊ?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्या घरात सोनं म्हणजे मोडायची वस्तू. आईच्या पाटल्या ताईच्या नर्सिंगच्या फीसाठी मोडल्या. आजीची बोरमाळ विहिरीसाठी. दागिना अंगावर असला तरी तो एखाद्या अडीनडीच्या नावाने ठेवलेला असायचा. अंगावर घालायला म्हणून दागिना घेतलेला आमच्याकडे मी पाहिलेलाच नाही.

“पाटल्या आईसाठी घ्यायच्याच आहेत,” ताई म्हणाली. “त्या बार्शीत घेऊ. तिथे जीएसटी तीन टक्के, इथे व्हॅट वीस. एवढं मलाही कळतं. पण ही अंगठी मोडण्यासाठी नाही. सुटीच्या दिवशी घालायला आहे.”

दुकानात मुलीने ओळखपत्र मागितलं. त्यावरचा फोटो 2019 चा, गालांवर मांस असलेली ताई. मुलीने फोटो बघितला, ताईकडे बघितलं आणि म्हणाली, “थँक यू फॉर एव्हरीथिंग यू डू.” पाठ केलेलं वाक्य होतं, पण तिने ते नीट म्हटलं. ताईने मान हलवली आणि 384 पौंड भरले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “काही वाटलं नाही?”

“काय वाटायचंय? लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या ऐकल्या. सूट दिली, ती घेतली. आणि संपावरही उभी राहिले. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तू त्यांची बेरीज करत बसतोस.”

ती संपावर होती हे मला माहीत होतं. 2022 च्या डिसेंबरात रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये संप पुकारला. इतका मोठा संप त्या संघटनेने पूर्वी कधी केला नव्हता. पुढच्या जानेवारीत ताई कानटोपी घालून हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभी होती. व्हिसावर असलेल्या कित्येक जणी घाबरून आल्या नव्हत्या. त्या दिवसाचा पगार कापला गेला. आईला आम्ही सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं. ती एवढंच म्हणाली, “आम्ही पण बसतो की.” त्याच वर्षी, 2023 च्या डिसेंबरात, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, त्यात तीही होती.

तरी बेरीज माझ्या डोक्यातून गेली नाही. घरी येऊन आणखी दोन आकडे काढले. 2020 मध्ये एनएचएसमधल्या नव्या नर्सचा वर्षाचा पगार 24,907 पौंडांपासून सुरू व्हायचा. 2025 मध्ये तो 31,049 झाला. म्हणजे सव्वापट. सोन्याने औंसाला 2,000 डॉलर पहिल्यांदा ओलांडले ते 2020 च्या ऑगस्टमध्ये, आणि 4,000 ओलांडले 2025 च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे दुप्पट. पाच वर्षांत सोनं जितकं लांब गेलं तिथपर्यंत वीस टक्क्यांची सूट पोचत नाही. आणि सुटीच्या ओळीपुढे संपण्याची तारीख असते, ती टाकणारा उद्या कुणीही असेल, कदाचित मीच. पगारात एकदा आलेला आकडा असा एका ओळीने पुसता येत नाही. म्हणूनच तो मिळवायला थंडीत उभं राहावं लागतं.

मार्चमध्ये आम्ही बार्शीला जातोय. पाटल्यांचे पैसे ताई एकटी देणार आहे, माझा वाटा तिने सरळ नाकारला. परवा फोनवर मी आईला विचारलं, ओळखीचा सराफ आहे, थोडी सूट मागू का?

“घडणावळीचं मी बघते,” आई म्हणाली. “तू काट्यावर लक्ष ठेव.”