आपल्यादेखत

पकडून आणलेला नाग काही खात नाही, तेव्हा तो रुसला आहे असा अर्थ आम्ही माणसे लावतो. आमच्या चामोर्शीकडे धानाच्या बांध्यांत उंदरांमागे फिरणारा हा जीव गारुड्याच्या टोपलीत आला, की नागपंचमीला त्याच्यापुढे दुधाची वाटी येते. दूध हे सापाचे अन्न नव्हे. अनेक दिवस तहानलेला ठेवलेला साप ते पितो, आणि आम्ही त्याला भक्तीचा स्वीकार म्हणतो.

वस्तुतः नव्या जागी सापाला भुकेआधी आडोसा हवा असतो. बाहेरची ऊब मिळाल्यावाचून त्याला अन्न पचत नाही. कात टाकण्यापूर्वी डोळे धूसर झाले, की तो सहसा भक्ष्याला तोंड लावत नाही. आठवडेच्या आठवडे तो उपाशी राहू शकतो. त्याला खाऊ घालण्याची खरी युक्ती म्हणजे भक्ष्य ठेवून दूर होणे. नेमके तेच आम्हांस जमत नाही. त्याने खावे, यापेक्षा आपल्यादेखत खावे, ही आमची इच्छा अधिक तीव्र असते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग बाळगणे गुन्हा आहे. आम्हांस त्या कायद्यात आतिथ्याचाही एक धडा दिसतो : ज्याच्या घशाखाली आमच्यासमोर घास उतरत नाही, त्याला त्याच्या बांधीतच जेवू द्यावे.